सावलीत जगलेल्या माणसाची उघड्या आभाळाची शाळा

महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या मुलामुलींना वर्ग सुरू होण्यापूर्वीच चार-पाच दिवस डोंगरात न्यायचे, आठ-दहा जणांचे गट करून त्यांच्यावर तंबू, स्वयंपाक आणि वाट शोधण्याची जबाबदारी सोपवायची आणि या सहवासातून परक्या शहरातले एकटेपण, अभ्यासाचे दडपण व मनाची मरगळ दूर व्हायला मदत करायची, ही प्रथा आज अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत चांगलीच रुजली आहे. अशा कार्यक्रमांत चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या विद्यार्थ्याला होडीत जागा असते आणि आयुष्यात कधीही डोंगर न चढलेल्या विद्यार्थिनीलाही गटात मान असतो. या उपक्रमांमागे ज्यांच्या कल्पना प्रामुख्याने आढळतात, ते कुर्ट हान हे जर्मनीत जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ. उघड्या आभाळाखालच्या शिक्षणाचा विसाव्या शतकातील हा सर्वांत प्रभावी पुरस्कर्ता स्वतः मात्र उन्हाला पारखा झालेला होता. त्यांच्या जीवनाचा आणि विचारांचा अर्थ लावताना ही विसंगती नजरेआड करून चालत नाही.

अंधाऱ्या खोलीतला आराखडा

कुर्ट हान यांचा जन्म ५ जून १८८६ रोजी बर्लिनमध्ये एका संपन्न ज्यू उद्योजक घराण्यात झाला. घरात पैसा, पुस्तके आणि संगीत यांची रेलचेल होती. शाळा मात्र त्या काळच्या जर्मन पद्धतीची, म्हणजे पाठांतर, शिस्त आणि परीक्षा या त्रिकोणात बंदिस्त झालेली. १९०२ साली, सोळाव्या वर्षी, डोलोमाइट पर्वतात पायी भटकंती करीत असताना त्यांची गाठ इंग्लंडमधील ॲबट्सहोम या शाळेच्या विद्यार्थ्यांशी पडली. शेतीकाम, सुतारकाम, मैदानी जीवन आणि ग्रंथाभ्यास यांची सांगड घालणारी ती एक नव्या विचारांची शाळा होती. तिच्यावर हेरमान लीट्झ या जर्मन शिक्षकाने लिहिलेले पुस्तक हान यांच्या हाती आले. मुलांचे शिक्षण निराळ्या रीतीनेही होऊ शकते, या जाणिवेने त्यांचे मन भारून गेले.

यानंतर दोनच वर्षांनी, १९०४ मध्ये, त्यांना तीव्र उष्माघात झाला. त्या आघाताने त्यांच्या प्रकृतीवर जन्मभराचा परिणाम केला. ऊन त्यांना सोसेनासे झाले. दीर्घ काळ अंधाऱ्या खोलीत काढावा लागला, शस्त्रक्रियाही कराव्या लागल्या. पुढे आयुष्यभर रुंद काठाची टोपी त्यांच्या डोक्यावर राहिली. विशीच्या उंबरठ्यावरच्या तरुणाला असे दुखणे जडले की तो कडवट होतो किंवा स्वतःची कीव करू लागतो. हान यांनी त्या सक्तीच्या अंधारात शाळेचा आराखडा मनाशी आखला. शरीराला पडलेली मर्यादा आणि माणसाच्या सामर्थ्याची मर्यादा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, ही त्यांची पुढची श्रद्धा स्वतःच्या दुखण्यातून आलेली होती.

ऑक्सफर्डमध्ये आणि बर्लिन, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, गॉटिंगेन येथील विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले. प्लेटोच्या ग्रंथांचा त्यांच्यावर खोल संस्कार झाला. ऑक्सफर्डच्या काळात उन्हाळा टाळण्यासाठी ते स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील मोरे परगण्यात जाऊन राहत. तिथली थंड हवा त्यांच्या प्रकृतीला मानवत असे. हा परगणा पुढे आपली कर्मभूमी होणार आहे, याची त्या वेळी त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते.

पराभवातून शाळेकडे

१९१४ साली पहिले महायुद्ध भडकले आणि हान जर्मनीत परतले. प्रकृतीमुळे सैनिक होणे शक्य नव्हते. परराष्ट्र खात्यात ब्रिटिश वृत्तपत्रे वाचून तिथल्या लोकमताचा अंदाज घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुढे ते बाडेनचे राजपुत्र मॅक्स यांचे निकटचे सल्लागार बनले. १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये राजपुत्र मॅक्स जर्मन साम्राज्याचे अखेरचे चॅन्सेलर झाले आणि नोव्हेंबरात, कैसरच्या पदत्यागाबरोबरच, त्यांची अल्प कारकीर्द संपली. पुढच्या वर्षी व्हर्सायला गेलेल्या जर्मन शिष्टमंडळासोबत हानही होते. देश पराभूत झाला होता, राजसत्ता कोसळली होती आणि एक अख्खी पिढी खंदकांत गाडली गेली होती. अशा वेळी राजकारणाकडे पाठ फिरवून शाळा काढणे म्हणजे पळवाट, असे कोणास वाटेल. हान आणि राजपुत्र मॅक्स यांना मात्र तोच दूरचा, पण खात्रीचा मार्ग वाटला. आपल्या देशाला विद्वानांची वाण नव्हती. जे पटते त्यासाठी उभे राहण्याचे धैर्य मात्र विद्वानांत नव्हते, असे त्यांचे निदान होते.

१९२० साली कॉन्स्टन्स सरोवराजवळच्या सालेम येथे, पूर्वी सिस्टर्शियन मठ असलेल्या राजवाड्यात, ही शाळा सुरू झाली. राजवाड्यातली शाळा म्हटल्यावर उमरावांच्या मुलांचा मठ डोळ्यांसमोर येतो; पण आसपासच्या गावांतील मुले आणि ज्यांच्या पालकांना शुल्क परवडत नव्हते अशीही मुले तिथे होती. मुलगे आणि मुली एकत्र शिकत. श्रीमंतांच्या मुलांना श्रीमंतीच्या गुंगीतून सोडवायचे असेल तर सर्व थरांतील मुलांशी त्यांची रोजची गाठ पडली पाहिजे, हे सालेमच्या नियमांपैकी एक महत्त्वाचे सूत्र होते. गरिबाच्या मुलाला शाळेत घेणे हा त्याच्यावर केलेला उपकार नसून श्रीमंताच्या मुलाचीही ती गरज आहे, हा विचार त्या काळात नवा होता. सर्वसमावेशकता हा शब्द शिक्षणव्यवहारात रूढ होण्याच्या कितीतरी आधी तिचे मर्म हान यांनी ओळखले होते.

सालेमच्या दिनक्रमात मैदानाला मोठे स्थान होते, पण खेळांच्या सामन्यांचे स्तोम नव्हते. आठवड्यातून काही दिवस सकाळच्या तासांमध्येच धावणे, उड्या आणि फेक यांच्या सरावासाठी सुटी असे. प्रत्येकाची स्पर्धा स्वतःच्या आदल्या कामगिरीशी. चार फूट उडी मारणारा सव्वाचार फुटांवर गेला तर तो त्याचा विजय. शेजारचा पाच फूट मारतो की सहा, याला महत्त्व नव्हते. दैनंदिन सवयींची नोंद विद्यार्थ्याने स्वतः ठेवायची आणि ती खरी ठेवायची, त्यावर कोणाची पाळत नसे. उत्तम खेळाडूंचा उदोउदो आणि बाकीच्यांनी कडेला बसून टाळ्या वाजवायच्या, ही शाळा-महाविद्यालयांतील सनातन व्यवस्था हान यांना मान्य नव्हती. ज्याला खेळ जमत नाही त्यालाच मैदानाची गरज अधिक आहे, असे ते मानत. त्याचबरोबर मौनासाठी आणि एकांतासाठी वेळ राखून ठेवण्याचाही नियम होता. गजबजाटात वाढणाऱ्या मुलाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, हे त्यांनी जाणले होते.

एका पत्राची किंमत

१९३२ च्या ऑगस्टमध्ये अप्पर सायलेशियातील पोटेम्पा या खेड्यात नाझी पक्षाच्या निमलष्करी दलातील लोकांनी एका कम्युनिस्ट मजुराला त्याच्या घरात घुसून, आईच्या डोळ्यांदेखत ठार मारले. न्यायालयाने पाच जणांना मृत्युदंड ठोठावला तेव्हा हिटलरने त्या मारेकऱ्यांना जाहीर पाठिंब्याची तार पाठवली. सारा जर्मनी ही बातमी वाचत होता. विद्यापीठांत आणि शाळांत बहुतेकांनी मौन पत्करले. हान यांनी सालेमच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून निर्वाणीने बजावले, की एक तर हिटलरशी संबंध तोडा किंवा सालेमशी. दोन्हींशी निष्ठा ठेवता येणार नाही.

पत्र लिहिणारा माणूस जन्माने ज्यू होता आणि हिटलर सत्तेच्या दारात उभा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या कृतीचे मोल कळते. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला आणि मार्चमध्ये हान यांना अटक झाली. ब्रिटनमधील त्यांच्या स्नेह्यांनी धावपळ केली. पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी रदबदली केल्यावर त्यांची सुटका झाली. परंतु शाळेची दारे त्यांना बंद झाली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी मायदेश सोडला. ज्या शाळेला तेरा वर्षे दिली ती शाळा, भाषा, घर आणि मित्र मागे ठेवून सत्तेचाळिसाव्या वर्षी हा माणूस ब्रिटनच्या किनाऱ्याला लागला.

गॉर्डनस्टन आणि मोरे बॅज

निर्वासिताचे पहिले महिने विमनस्कतेत गेले. मग स्नेह्यांच्या साहाय्याने १९३४ साली त्याच परिचित मोरे परगण्यात गॉर्डनस्टन ही शाळा त्यांनी उभी केली. सुरुवातीच्या मोजक्या विद्यार्थ्यांत ग्रीसचे राजपुत्र फिलिप होते; ते आधी सालेमला शिकत होते आणि पुढे राणी एलिझाबेथ यांचे पती म्हणून जगाला माहीत झाले. गॉर्डनस्टनचा विशेष होता तो समुद्र. जवळच्या होपमन बंदरात मुले शिडाची होडी हाकायला शिकत. त्याच किनाऱ्यावर ती तटरक्षकांच्या मदतीला पहारा देत. पुढे अग्निशमन आणि डोंगरातील बचावकार्य यांची पथकेही शाळेत निघाली.

या बचावकार्यामागे निश्चित विचार होता. तरुणांना युद्धाचे आकर्षण का वाटते, हा प्रश्न पहिल्या महायुद्धानंतर अनेकांना छळत होता. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९१० साली युद्धाला नैतिक पर्याय शोधण्याची गरज मांडली होती. हान यांना तो पर्याय संकटात सापडलेल्याचा जीव वाचवण्यात दिसला. धाडस, शिस्त, सांघिकता आणि स्वतःला विसरून जाणे हे युद्धातले सारे काही बचावकार्यात असते, फक्त कोणाला मारावे लागत नाही. आधुनिक तरुणांत शरीराची क्षमता, पुढाकार, स्मृती व कल्पनाशक्ती, हस्तकौशल्य, आत्मसंयम आणि करुणा या सर्वांचा ऱ्हास होत आहे, अशी त्यांची तक्रार होती. त्यांपैकी करुणेचा ऱ्हास त्यांना सर्वांत भयंकर वाटे. व्यायाम, मोहीम, स्वतः निवडलेला प्रकल्प आणि सेवा हे चार उपाय त्यांनी त्यावर सुचवले.

हे उपाय एका महागड्या निवासी शाळेच्या कुंपणात राहिले तर त्यांचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांना सतत टोचत असे. १९३६ मध्ये सुरू केलेला मोरे बॅज हे त्याचे पहिले उत्तर. गॉर्डनस्टनच्या विद्यार्थ्यांइतकाच तो परिसरातील साध्या शाळांच्या मुलांसाठीही होता. मैदानी कसोट्या आणि मोहीम पूर्ण करणाऱ्याला तो बिल्ला मिळे. कोणाला हरवल्याबद्दल नव्हे, तर स्वतःच्या ठरलेल्या पायरीवर पोहोचल्याबद्दल तो दिला जाई, हे त्याचे वैशिष्ट्य. १९३८ मध्ये हान यांनी ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले.

ॲबरडव्हीचे बंदर

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर गॉर्डनस्टनच्या इमारती सैन्याने ताब्यात घेतल्या आणि १९४० साली शाळेला वेल्समध्ये स्थलांतर करावे लागले. याच विपरीत काळात हान यांच्या कार्याला सर्वांत मोठे वळण मिळाले. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या ब्रिटिश व्यापारी जहाजे बुडवत होत्या. ब्लू फनेल या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांच्या निरीक्षणास असे आले की जहाज बुडाल्यावर जीवरक्षक नौकांत वयस्क, मुरलेले खलाशी तग धरतात आणि त्यांच्याहून सशक्त असलेले तरुण खलाशी आधी हिंमत हरतात. त्यांच्या मते उणीव तरुणांच्या स्नायूंमध्ये नव्हती. आपण हे सोसू शकतो, हा अनुभवातून येणारा विश्वास त्यांच्यापाशी नव्हता. हान यांची कल्पना आणि होल्ट यांचे पाठबळ यांतून १९४१ साली वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरडव्ही येथे महिनाभराचे शिबिर भरवणारी शाळा उघडली. बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेल्या जहाजासाठी इंग्रजीत जो शब्दप्रयोग आहे तेच नाव होल्ट यांनी तिला दिले: आउटवर्ड बाउंड.

या शाळेत खलाशी होऊ घातलेली मुले, कारखान्यांतील उमेदवार कामगार, पोलीस दलात जाऊ पाहणारे तरुण आणि निवासी शाळांतील विद्यार्थी एकाच पथकात असत. डझनभर मुलांचे एक पथक. होडी, दोर, डोंगर आणि स्वयंपाक सर्वांच्या वाट्याला सारखा. समुद्राला कोणाचे कूळ ठाऊक नसते. वारा फिरल्यावर शिडाचा दोर ओढायला गिरणी कामगाराचा मुलगा जितका आवश्यक, तितकाच जमीनदाराचा. सालेमच्या राजवाड्यात जे साधायला वर्षे लागत ते इथे महिनाभरात काही अंशी साधते, असा अनुभव आला. समुद्रासाठी शिक्षण देण्यापेक्षा समुद्राच्या द्वारे शिक्षण देणे, हा या पद्धतीचा गाभा ठरला. होडी चालवता येणे हा उद्देश नव्हता. होडी हे निमित्त होते.

युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, या कार्यासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. १९५० साली इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातील एस्कडेल येथे डोंगरी शाळा निघाली आणि त्याच दशकात मुलींसाठीही शिबिरे भरू लागली. हान मात्र एका जागी रमणारे नव्हते. युद्धानंतर त्यांनी सालेमच्या पुनरुभारणीला हातभार लावला. ज्या देशाने हाकलून दिले त्याच्या मुलांसाठी पुन्हा झटताना त्यांनी मनात किल्मिष ठेवले नाही. १९५३ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव ते गॉर्डनस्टनच्या मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाले. पण निवृत्ती नावापुरतीच होती. मोरे बॅजचा विचार देशव्यापी करावा म्हणून त्यांनी आपले जुने शिष्य राजपुत्र फिलिप यांच्यामागे लकडा लावला. १९५६ साली ड्यूक ऑफ एडिंबरो पुरस्कार योजना सुरू झाली आणि १९५३ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट तिचे पहिले संचालक झाले. आज ही योजना शंभराहून अधिक देशांत, भारतातही, पोहोचली आहे. तिच्यातील मोहीम पायी, सायकलवर, होडीतून, घोड्यावरून किंवा चाकाच्या खुर्चीवरूनही पुरी करता येते. कसोटी प्रत्येकाची, पण तिचे माप ज्याचे त्याचे, हे मोरे बॅजचे तत्त्व तिथे टिकून आहे.

पॅरिसमध्ये नाटो संघटनेच्या संरक्षण महाविद्यालयाला भेट दिली असता, काल एकमेकांवर गोळ्या झाडणारे अधिकारी आज एका टेबलाशी बसून काम करतात हे हान यांनी पाहिले. सैनिकांना जे जमते ते विद्यार्थ्यांना अधिक लवकर जमेल, या विचारातून १९६२ साली वेल्समधील सेंट डोनॅट्स किल्ल्यात अटलांटिक कॉलेज उघडले. अनेक देशांतील सोळा ते एकोणीस वयाचे विद्यार्थी तिथे एकत्र राहून शिकत आणि किनाऱ्यावर बचावकार्यही करीत. आज जगभरच्या बचाव पथकांत दिसणारी, टणक तळाची आणि हवा भरलेल्या कडांची वेगवान नौका याच महाविद्यालयाच्या विद्यार्थी-शिक्षकांच्या खटपटीतून साकारली. या महाविद्यालयातून युनायटेड वर्ल्ड कॉलेज ही चळवळ वाढली. १९९७ साली पुणे जिल्ह्यात, पौडजवळच्या टेकडीवर सुरू झालेले महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज हे तिचेच भावंड. मुळशी खोऱ्यातल्या पावसाळी वाटांवर देशोदेशीची मुले दिसतात, त्यामागे त्या अंधाऱ्या खोलीचा धागा आहे.

विद्यापीठांच्या अंगणात

महाविद्यालयीन तरुणांना डोंगरात नेण्याची प्रथा एकट्या हान यांनी सुरू केली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात १९०९ सालीच विद्यार्थ्यांचे भटकंती मंडळ निघाले होते आणि १९३५ पासून तिथे नवागतांच्या सहली जाऊ लागल्या होत्या. परंतु हौसेच्या भटकंतीला शिक्षणाची बैठक मिळाली ती मुख्यत्वे हान यांच्या विचारांतून. गॉर्डनस्टनमध्ये काही काळ शिकवून मायदेशी परतलेल्या जॉशुआ मायनर या अमेरिकन शिक्षकाच्या पुढाकाराने आउटवर्ड बाउंड अटलांटिक ओलांडून गेली. १९६२ मध्ये कोलोरॅडोच्या पर्वतराजीत अमेरिकेतील तिची पहिली शाळा भरली. १९६८ पासून ॲरिझोनातील प्रेस्कॉट कॉलेजने नव्या विद्यार्थ्यांचे स्वागतच रानातील मोहिमेने करण्यास प्रारंभ केला. १९७४ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातही असा कार्यक्रम सुरू झाला. मग ही लाट पसरत गेली.

याच सुमारास या चळवळीला तिच्या स्वतःच्या तत्त्वाची आठवण करून देणारा प्रश्न उभा राहिला. रान जर सर्वांना शिकवते, तर अपंग तरुण घरी का? १९७० च्या दशकात मिनेसोटामधील आउटवर्ड बाउंड शाळेने अपंग आणि सुदृढ सहभागींची मिश्र पथके सरोवरांच्या प्रदेशात नेली. १९७८ मध्ये याच राज्यात केवळ या उद्देशासाठी एक स्वतंत्र संस्थाही स्थापन झाली. अनुभव असा आला की होडीत बसल्यावर चालता येणारा आणि न येणारा हा भेद पाण्यावर बराचसा पुसला जातो. जमिनीवर दुसऱ्याच्या मदतीवर अवलंबून असलेला माणूस बळकट हातांनी वल्हे मारून गटाला पुढे नेतो. मदत देणारा आणि घेणारा यांच्या भूमिका दिवसभरात अनेकदा बदलतात आणि त्या बदलण्यातच खरे शिक्षण घडते.

हे सारे केवळ भाबड्या उत्साहाचे बोल नाहीत. जॉन हॅटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली साहसी शिक्षणासंबंधीच्या ९६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. आत्मविश्वास, आत्मनियंत्रण आणि नेतृत्व यांसारख्या गुणांवर अशा कार्यक्रमांचा अनुकूल परिणाम होतो, हे त्यात आढळलेच. शिवाय कार्यक्रम संपल्यानंतरही तो ओसरण्याऐवजी वाढत जातो, असे दिसले. शिक्षणातील बहुतेक उपक्रमांच्या बाबतीत याच्या उलट घडते. मात्र सर्व कार्यक्रमांचे फळ सारखे नसते, हेही त्याच अभ्यासाने दाखवून दिले.

प्रकाशाच्या कडेची सावली

हान यांचे चरित्र लिहिताना त्यांच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. गॉर्डनस्टनमध्ये मुलींना प्रवेश मिळाला तो १९७२ मध्ये, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर अडतीस वर्षांनी. सालेमला सहशिक्षण देणाऱ्या माणसाच्या शाळेत हे घडावे, हे खटकते. थंड पाण्याची आंघोळ आणि पहाटेची धाव यांचा दरारा तिथे होता. कोवळ्या, अंतर्मुख मुलाला हे कठोर वातावरण सोसेलच असे नाही. त्या शाळेत १९६२ ते १९६७ या काळात शिकलेले चार्ल्स, आजचे ब्रिटनचे राजे, तिथे सुखी नव्हते, हे सर्वश्रुत आहे. हान यांचा स्वभाव आग्रही होता आणि व्यक्तिमत्त्वाचा दबदबा मोठा. चारित्र्य घडवणे म्हणजे एकाच साच्यात ओतणे नव्हे, ही टीका त्यांच्या हयातीतच झाली. बड्या घराण्यांशी असलेल्या त्यांच्या जवळिकीमुळे त्यांच्या समतेच्या बोलण्यावर काहींचा विश्वास बसत नसे.

या टीकेत तथ्य आहे. परंतु तिला उत्तर द्यायची साधनेही हान यांच्याच विचारांत सापडतात. प्रत्येकाची स्पर्धा स्वतःशी, हे सूत्र मनापासून पाळले तर साचा आपोआप गळून पडतो. करुणा ही शरीराच्या बळाहून श्रेष्ठ, हे मानले तर कठोरपणाला मर्यादा येते. त्यांच्या पुढच्या पिढीने हेच केले. थंड पाण्याची आंघोळ मागे पडली. गट, मोहीम, एकांत आणि सेवा उरली.

आपल्याकडे या विषयाला आज कायद्याचाही आधार आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या. याच कायद्यात मनोरंजनाच्या हक्काचा विचार करताना मैदानी शिबिरे आणि साहसी उपक्रम यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या महाराष्ट्रात महाविद्यालयीन तरुणांची गडकोटांवरची भटकंती ही जुनी आणि अभिमानाची परंपरा. तथापि, गड सर करणाऱ्यांच्या छायाचित्रात कोण आहे, याबरोबरच कोण नाही, हेही पाहण्याची सवय लावून घ्यावी लागेल. प्रत्येकाला राजगडाच्या बालेकिल्ल्यावर नेणे शक्य नसेल. पायथ्याच्या तळ्याकाठी मुक्काम, सपाट पठारावरची रात्र, आकाशदर्शन, संथ पाण्यातली नौका हीसुद्धा मोहीमच असते. तिची आखणी मात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, अगदी पहिल्या बैठकीपासून व्हायला हवी. सहल ठरल्यानंतर त्यांची सोय पाहणे आणि त्यांच्यासह सहल ठरवणे यांत मोठे अंतर आहे.

उत्तरायुष्यात हान पुन्हा सालेमच्या परिसरात जाऊन राहिले. त्यांनी विवाह केला नव्हता. शाळा हाच त्यांचा संसार होता. १९६६ साली, त्यांच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांच्या विचारांनी चालणाऱ्या शाळांचा राउंड स्क्वेअर हा संघ आकाराला आला. भारतातील कित्येक शाळा आज त्याच्या सदस्य आहेत. १४ डिसेंबर १९७४ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, सालेमजवळ त्यांचे निधन झाले आणि तिथल्याच मातीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

त्यांनी फारसे ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांचे विचार भाषणांत, पत्रांत आणि मुख्य म्हणजे त्यांनी उभ्या केलेल्या संस्थांत विखुरलेले आहेत. स्वतःला न सोसणारे ऊन त्यांनी इतरांच्या मुलांसाठी मोकळे करून ठेवले. त्या उन्हात उभे राहण्याचा हक्क फक्त दणकट शरीराच्या मुलांचा नाही. ज्याला ते सर्वांत परके वाटते त्याच्यासाठी वाट करून देणे, हेच त्यांच्या शिकवणीचे सार आहे. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर पुढच्या सहलीची सूचना लागेल, तेव्हा तिच्यात हे सार उतरले आहे की नाही, हे तपासणे आता आपल्या हाती आहे.